सामाईक हौद आणि त्याचा राखणदार

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अशा व्यासपीठांवर स्वराज्य, शिक्षण, साहित्य, शेती, संततिनियमन अशा कितीतरी विषयांचा खल झाला. गृहसंकुलातला पोहण्याचा हौद हा विषय त्या मालिकेत शोभेल का, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. मी कामगार चळवळीतला माणूस. हौदात डुंबणे हा आमच्या वर्गाच्या नशिबातला विषय नव्हे. पण या हौदाच्या काठी जो माणूस गळ्यात शिटी अडकवून उभा असतो तो कामगार आहे, त्याच्या भरवशावर तुमची-आमची मुले पाण्यात उतरतात, आणि त्याला कोणत्या परिस्थितीत काम करावे लागते याची चौकशी आपण कधी करत नाही. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

ठाणे हे मुळात तलावांचे गाव. मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, उपवन, रायलादेवी ही नावे आपल्या तोंडी आहेत. कल्याणला काळा तलाव आहे, दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडी आहे. या पाण्यांत माणसे बुडत नव्हती असे नाही. पण पाण्याशी आपला जो व्यवहार होता त्याची एक जुनी शिस्त होती. गावाकडे मुलाच्या पाठीला वाळका भोपळा बांधून काका किंवा थोरला भाऊ त्याला विहिरीत ढकलायचा आणि स्वतः शेजारी उडी घ्यायचा. कोणत्या विहिरीला कपार आहे, कोणत्या डोहात भोवरा आहे, हे म्हाताऱ्यांना ठाऊक असे आणि ते मुलांना दरडावून सांगत. विहिरीची भीती वाटत असे, आणि ती भीतीच पुष्कळसे रक्षण करी.

आता पोखरण रस्त्यावर जिथे रेमंडची गिरणी चालत होती तिथे मनोरे उभे आहेत. कल्याण-शीळ रस्त्यावर जिथे प्रीमियरच्या मोटारी बनत तिथेही वसाहती आल्या. घोडबंदर रस्त्याची दुतर्फा तर आपण पाहतोच. जिथे भोंगा वाजत होता तिथे आता निळ्या फरशीचा हौद आहे, भोवती खुर्च्या मांडल्या आहेत, आणि जाहिरातीच्या पुस्तिकेत पहिले छायाचित्र त्याचेच असते. हा हौद दिसायला इतका प्रसन्न असतो की त्याची भीती कोणाला वाटत नाही, आणि म्हातारी माणसे दरडावून सांगायला तिथे नसतात. चौथ्या मजल्यावरच्या वाहनतळाच्या छतावर असलेल्या त्या पाण्याला मुलगा लिफ्टने दोन मिनिटांत पोचतो.

आमच्या पिढीने कारखान्यातली सुरक्षा ज्या कायद्यातून शिकली तो १९४८ चा कारखाना कायदा. त्याच्या ३३व्या कलमात साध्या शब्दांत एक गोष्ट सांगितली होती: जमिनीतले कोणतेही टाके, हौद, खड्डा किंवा उघडे भोक, जे खोलीमुळे, जागेमुळे किंवा आत असलेल्या पदार्थामुळे धोक्याचे असेल, ते एकतर भक्कम झाकलेले असावे किंवा भक्कम कुंपणाने वेढलेले असावे. कामगार सावध आहे की बेसावध, शहाणा आहे की मूर्ख, हा प्रश्नच त्या कलमाने विचारला नव्हता. दाराशी फलक लावला की काम झाले असेही म्हटले नव्हते. वीस-पंचवीस वर्षांच्या धडधाकट कामगारासाठी जर टाक्याला कुंपण हवे, तर तीन वर्षांच्या पोरासाठी ते नको असे कोणी म्हणणार नाही. तरीही ठाण्या-डोंबिवलीतल्या कित्येक संकुलांत मी पाहतो की हौदाला तीन बाजूंनी शोभेची झाडे, चौथ्या बाजूला क्लबगृहाचे काचेचे दार, आणि ते दार दिवसभर उघडे.

आधी पाण्याचा हिशेब पाहू. पंधरा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा मध्यम हौद धरला तर त्यात एक लाख बारा हजार लिटरांच्या वर पाणी मावते. बुडायला इतके लागत नाही. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते; ते पालथे पडले तर गुडघाभर पाण्यातूनही त्याला उठता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची बालके होती. आपल्या देशात सरकारी नोंदीप्रमाणे त्याच वर्षी ३६ हजारांहून अधिक माणसे बुडून दगावली. त्यांतली बहुतेक नद्या, तळी, विहिरी आणि कालवे यांतली. संकुलांतल्या हौदांचा त्यात वाटा लहानच. पण नदीला आपण कुंपण घालू शकत नाही, हौदाला घालू शकतो, एवढा फरक आहे.

आता एक समज खोडून काढला पाहिजे. बुडणारा माणूस हात हलवून ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो, हे आपल्याला चित्रपटांनी शिकवले. प्रत्यक्षात श्वासाला मिळालेली हवा श्वासापुरतीही पुरत नाही, मग ओरडायला कुठून आणायची? अमेरिकेतले जीवरक्षक फ्रँक पिया यांनी समुद्रकिनाऱ्यावर बुडणाऱ्यांची चित्रफीत घेऊन अभ्यास केला आणि १९७० नंतरच्या काळात तो मांडला. त्यांना दिसले ते असे: माणूस उभ्या अवस्थेत असतो, तोंड पाण्याच्या पातळीवर खाली-वर होते, हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात, पाय चालत नाहीत. त्याला हात वर करून हाक मारता येत नाही, फेकलेली दोरी पकडायचेही भान नसते. ही धडपड वीस ते साठ सेकंद टिकते आणि मग तो खाली जातो. शेजारी चार माणसे पोहत असली तरी त्यांना कळत नाही. वाटते, मूल पाण्यात खेळते आहे. आई खुर्चीवर बसून फोन पाहत होती आणि तिला आवाज आला नाही, म्हणून लोक तिला दोष देतात. आवाज झालाच नव्हता. फोन दूर ठेवायला हवा तो याच कारणाने: येथे कानावर विसंबता येत नाही, डोळ्यांनीच राखण करावी लागते. आणि पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत तर काठावर बसून पाहणेही पुरेसे नाही. मोठ्या माणसाने पाण्यात, हात लांब केला की मूल हाताला लागेल इतक्या अंतरावर असावे. दंडावरच्या फुगवलेल्या पट्ट्या हे खेळणे आहे. ती निसटते, फुटते, आणि मुलाला खोटा धीर देते.

कुंपणाकडे पुन्हा येतो, कारण सगळ्या नियमांत या एकाचा उपयोग सर्वांत जास्त आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने १९९२ साली पोहण्याच्या हौदांचा स्वतंत्र कायदा केला. तेथल्या मापांप्रमाणे कुंपण निदान १.२ मीटर उंच. दोन गजांमधली फट दहा सेंटिमीटरहून अधिक नाही. कुंपणालगत चढायला उपयोगी पडेल अशी खुर्ची, कुंडी, आडवी पट्टी काही नाही. फाटक हौदापासून बाहेरच्या बाजूला उघडणारे, सोडले की आपोआप मिटणारे आणि मिटले की आपोआप खिटी बसणारे. खिटी जमिनीपासून दीड मीटरवर. फाटक बाहेर का उघडावे? मूल फाटकावर झुकले, ढकलले, तर ते उघडण्याऐवजी घट्ट बसावे म्हणून. फ्रान्सने ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने कुंपण, धोक्याची घंटा, आच्छादन किंवा छत यांपैकी एक तरी साधन हौदाला सक्तीचे केले, आणि हे खाजगी घरांबरोबर सामाईक वसाहतींनाही लागू आहे.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की हौदाच्या चारी बाजूंनी स्वतंत्र कुंपण असेल तर, घराची भिंत चौथी बाजू धरून घातलेल्या कुंपणाच्या तुलनेत, लहान मुलांच्या बुडण्याचा धोका ८३ टक्क्यांनी कमी होतो. हा आकडा आपल्या संकुलांना फार लागू पडतो, कारण क्लबगृहाची भिंत ही आपली चौथी बाजू असते. व्यायामशाळेत जाणाऱ्याने दार सताड ठेवले, की तीन बाजूंच्या कुंपणाला अर्थ उरत नाही.

लोक म्हणतात, कुंपणाने शोभा जाते. कापडगिरणीतल्या पट्ट्यांना जाळी बसवायची मागणी जेव्हा जुन्या पुढाऱ्यांनी केली, तेव्हाही मालक म्हणत की जाळीने काम मंदावते. जाळी बसली आणि कामही चालले. तेव्हा शोभेचा मुद्दा मी फार मनावर घेत नाही.

दुसरा नियम पाण्याच्या निर्मळपणाचा. येथे मला आरोग्यापेक्षा दृष्टीचा विचार आधी सांगायचा आहे. काठावर उभे राहून हौदाच्या सर्वांत खोल जागेचा तळ आणि तिथली पाणी ओढणारी जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर हौद त्या क्षणी बंद. पाणी गढूळ असताना तळाशी गेलेले मूल दोन हातांवर असूनही दिसत नाही. घोडबंदर रस्त्यावर उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते, पाणीकपातीत हौदाची भरती थांबते, गाळणयंत्र वीज वाचवायला म्हणून रात्री बंद ठेवले जाते. मग दोन दिवसांत पाण्याला हिरवट झाक येते. समितीचे सदस्य म्हणतात, रविवारी मुलांचा हिरमोड नको. हिरमोड परवडतो. रोज सकाळी फाटक उघडण्यापूर्वी तळ पाहायचा, क्लोरीन आणि आम्लता मोजायची आणि वहीत लिहायचे: मुक्त क्लोरीन साधारण लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम, आम्लतेचा अंक ७.२ ते ७.८. भारतीय मानक संस्थेचे ३३२८ क्रमांकाचे मानक हौदाच्या पाण्याविषयीच आहे. संकुलाच्या कचेरीत त्याची प्रत असावी. वही लिहिणाऱ्याची सही रोज असावी. आठवड्याची वही शनिवारी एका बैठकीत भरून काढतात हे मी अनेक कारखान्यांत पाहिले आहे; शाई एकाच रंगाची आणि अक्षर एकाच घाईचे दिसले की ओळखावे.

त्या तळाच्या जाळीविषयी सांगायला हवे, कारण तिचा धोका डोळ्यांना दिसत नाही. पंप पाणी ओढतो तो या जाळीतून. जाळी तुटलेली किंवा निघालेली असेल आणि पंपाला ओढायला तेवढे एकच तोंड असेल, तर त्यावर बसलेल्या मुलाला पाणी इतक्या जोराने धरून ठेवते की मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. लांब केस जाळीत अडकतात. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची व्हर्जिनिया ग्रॅम बेकर अशीच गेली. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७ साली तिच्या नावाने कायदा झाला. एवढ्या मोठ्या घरातले मूल गेले तेव्हा कायदा व्हायला पाच वर्षे लागली. गरिबाच्या घरचे असते तर किती लागली असती, हा हिशेब श्रोत्यांनी करावा. उपाय मात्र साधा आहे: फुगीर, न झाकली जाणारी जाळी, घट्ट स्क्रूने बसवलेली, ओढणारी तोंडे निदान दोन आणि एकमेकांपासून तीन फुटांहून दूर, म्हणजे एक झाकले गेले तर दुसऱ्यातून पाणी येते, आणि पंप तत्काळ बंद करायचे बटण हौदाच्या काठावरच. हे बटण पुष्कळ ठिकाणी तळघरातल्या पंपाच्या खोलीत असते आणि तिची किल्ली सुपरवायझरच्या खिशात.

पंपाच्या खोलीत दुसरे संकट बसलेले असते. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ ला ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी जो वायू सोडला तोच वायू, म्हणजे क्लोरीन, ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की खोलीत तयार होतो. क्लोरीनच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर ही दोन्ही ‘क्लोरीनच’ म्हणून एका डब्यात ठेवतात. पण त्यांची रसायने वेगळी, ती ओलसर जागी मिसळली तर पेट घेतात, स्फोटही होतो. तेव्हा वेगळी कपाटे, वेगळी मापे, खोलीला खाली-वर वारा, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. आणि ॲसिड पाण्यात ओतायचे, ॲसिडात पाणी कधी नाही. मी ज्या मुलांशी बोललो त्यांच्यातल्या एकाने मला आपली बोटे दाखवली. कातडी सोलून निघालेली होती. ‘हातमोजे मागितले का?’ म्हटले, तर तो म्हणाला, ‘काका, मागितले की ठेकेदार म्हणतो, उद्यापासून नको येऊ.’ संकुलाचे नाव मी सांगत नाही. ते एकट्या त्या संकुलाचे पाप नव्हे.

तर आता या मुलाकडेच येऊ. हा बहुधा मुरबाड, शहापूर, जव्हार या बाजूचा, नदीत पोहायला शिकलेला. पोहायला येणे आणि बुडत्याला वाचवता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. भेदरलेला माणूस वाचवायला आलेल्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघे जातात. ती मिठी कशी टाळावी, सोडवावी, बाहेर काढल्यावर श्वास कसा द्यावा, हे शिकवावे लागते. आपल्याकडे राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटीसारख्या संस्था हे प्रशिक्षण देतात. पण ठेकेदार स्वस्त माणूस आणतो, त्याला ‘जीवरक्षक’ असे छापलेला सदरा देतो, आणि मग त्याच्याकडून पाने गाळून घेतो, फरशी पुसून घेतो, ओळखपत्रे तपासून घेतो, टॉवेल मोजून घेतो, क्लोरीन टाकून घेतो. ज्याचे काम पाण्याकडे पाहणे हेच आहे त्याची पाठ पाण्याकडे फिरवणारी ही सगळी कामे आहेत.

जीवरक्षणाच्या धंद्यात दहा-वीसचा नियम म्हणतात: दहा सेकंदांत आपल्या वाट्याच्या सगळ्या पाण्यावरून नजर फिरली पाहिजे आणि धोका दिसल्यापासून वीस सेकंदांत त्या माणसापर्यंत पोचता आले पाहिजे. उन्हात, चकाकणाऱ्या पाण्यावर अशी नजर माणूस फार वेळ ठेवू शकत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने त्याला आलटून-पालटून विसावा द्यावा लागतो. बारा तासांच्या पाळीत एकटा मुलगा हे करू शकेल का? यंत्रावर बारा तास उभा असलेला कामगार शेवटच्या तासांत बोट गमावतो, हे आम्ही कामगार विम्याच्या दवाखान्यात बसून शिकलो. येथे दमलेल्या माणसाचे बोट जात नाही, दुसऱ्याचे मूल जाते.

माथाडींना १९६९ साली कायदा मिळाला. सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ साली कायदा झाला आणि मंडळ आले. दोन्ही लढून मिळवले. हौदाच्या राखणदाराला असे काही नाही. तो संख्येने थोडा, एका संकुलात एक किंवा दोन, कोणाची ओळख कोणाशी नाही. म्हणून संघटना बांधणेही अवघड. गोव्यात किनाऱ्यांवर बुडून मरणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हा २००८ पासून सरकारने पगारी, प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था उभी केली. किनाऱ्याचे जे राज्याला कळले ते संकुलाच्या समितीला कळायला हरकत नसावी.

जीवरक्षक असतानाही काही नियम राहणाऱ्यांनी स्वतः पाळायचे आहेत. उथळ बाजूला सूर मारू नये. चार फूट पाण्यात डोक्यावर उडी घेतली तर मानेचा मणका जातो आणि माणूस जन्माचा अंथरुणाला खिळतो. म्हणून खोली काठावर मीटरमध्ये आणि फुटांमध्ये मोठ्या आकड्यांनी रंगवलेली असावी. तरुण मुले पैज लावून खोल-खोल श्वास घेतात आणि मग एका दमात किती वेळ पाण्याखाली राहतो ते पाहतात. जोरजोराने श्वास घेतल्याने रक्तातला कर्बवायू कमी होतो, आणि श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना मेंदूला त्याच वायूमुळे मिळत असते. सूचना येण्याआधीच प्राणवायू संपतो आणि उत्तम पोहणारा मुलगा शुद्ध हरपून तळाशी जातो. धुळवडीला हौदाकाठी ध्वनिक्षेपक, पाण्यावर दिव्यांच्या माळा आणि हातात पेला, ही चाल गेल्या काही वर्षांत आली आहे. पाण्यातले दिवे बारा व्होल्टचे असावेत, काठावरच्या प्रत्येक जोडणीला ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळती-रोधक बटण असावे, आणि प्यायलेल्याला फाटकातून आत सोडू नये. शेवटचे काम जीवरक्षकावर टाकू नका. तो वीस वर्षांचा ठेक्यावरचा पोर आहे, आणि समोर सभासद असतो.

‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी सगळीकडे असते. हौद कोणी वापरावा हे ठरवायचा अधिकार सभासदांना आहे, त्याविषयी मी वाद घालत नाही. पण त्या हौदाच्या सर्वांत जवळ राहणारी मुले कोणाची असतात? पहारेकऱ्याची, माळ्याची, शेजारच्या अर्धवट इमारतीवर काम करणाऱ्या गवंड्याची. आईबाप कामावर, दुपारची वेळ, हौद बंद, जीवरक्षक जेवायला गेलेला, ऊन रणरणते आणि पाणी निळे. या मुलांना पोहायला कोणी शिकवलेले नसते, कारण त्यांना हौदात मनाईच आहे. पाटी वाचता न येणारे मूल पाटीने थांबत नाही, कुलपाने थांबते. ठाण्यात आणि डोंबिवलीच्या क्रीडासंकुलात महापालिकेचे तरणतलाव आहेत. पण संकुलांनीही आठवड्यातला एक तास या मुलांना पोहायला शिकवण्यासाठी द्यावा, ही सूचना मी एका सभेत केली, तेव्हा पाण्याच्या स्वच्छतेचा प्रश्न निघाला. क्लोरीनला सभासदत्व कळत नाही, एवढेच मी उत्तर दिले.

आता जबाबदारी कोणाची? ‘आपल्या जबाबदारीवर पोहावे’ असा फलक लावला की समिती सुटली, असा पुष्कळांचा समज आहे. भारतीय न्याय संहितेच्या १०६व्या कलमाने, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडसंहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती. निष्काळजीपणा झाला की नाही हे न्यायालय ठरवील, आणि फलकाने तो पुसला जाईल असे कोणी गृहीत धरू नये. मोठ्या वसाहतींत तर आठ-दहा सोसायट्या, त्यांच्यावर एक महासंघ, हौद अजून विकासकाच्या ताब्यात, देखभाल तिसऱ्या कंपनीकडे आणि जीवरक्षक चौथ्या ठेकेदाराचा, अशी उतरंड असते. अपघात झाला की प्रत्येक मडके खालच्याकडे बोट दाखवते, आणि तळाशी तो शहापूरचा मुलगा असतो. पोलीस पहिल्यांदा त्यालाच नेतात. म्हणून हौद कोणाच्या ताब्यात आहे, चावी कोणाकडे, बंद करण्याचा अधिकार कोणाला, हे एका कागदावर नावानिशी लिहिलेले हवे. तळ दिसत नसेल तर हौद बंद करण्याचा अधिकार जीवरक्षकालाच असावा, आणि त्याने बंद केला म्हणून त्याला काढता येणार नाही, हेही त्यातच लिहावे. बांधकामातच खोट असेल, जसे तळाला एकच तोंड असणे, तर २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत विकासकाकडे तक्रार करता येते, आणि त्याने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करून द्यायची असते. पाच वर्षे सभासदांच्या भांडणांत कधी सरतात ते कळत नाही.

अपघात झालाच तर काय करावे, हे सगळ्यांनी शिकून ठेवावे. प्रथम दोरी बांधलेली कडी, नाहीतर लांब बांबू, काहीच नसेल तर ओढणी फेकावी. शिक्षण नसताना उडी मारू नये. बाहेर काढल्यावर आपल्याकडे बुडालेल्याला उलटे धरून गरगर फिरवतात, घागरीवर पालथे घालतात, पोट दाबून पाणी काढतात. हे सर्व बंद करा. पोटातले पाणी काढून काही साधत नाही. उलट ते फुफ्फुसात जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. प्राणवायू तुटल्यापासून चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. माणूस हाकेला उत्तर देत नसेल आणि श्वास घेत नसेल तर त्याला पाठीवर झोपवा, हनुवटी उचला, नाक दाबून तोंडाने दोन ते पाच श्वास द्या. नंतर छातीच्या मध्यभागी तळहाताने तीस दाब, मग दोन श्वास, पुन्हा तीस दाब. दाब मिनिटाला शंभर ते एकशे वीस या गतीने, मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटिमीटर खोल, लहान मुलाला छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतका. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा, तिसऱ्याने लिफ्ट अडवून ठेवावी, चौथ्याने मुख्य फाटकावर उभे राहावे. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावेच, कारण फुफ्फुसाला झालेली इजा काही तासांनी उलटते.

खर्चाचा प्रश्न शेवटी येतोच, तेव्हा तोही मांडतो. समजा हौद सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चार ते नऊ उघडा आहे. म्हणजे दिवसाचे नऊ तास, आठवड्याचे त्रेसष्ट. काठावर एका वेळी दोन जीवरक्षक हवेत, म्हणजे एकशे सव्वीस तासांचे काम. माणसाचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा. भागाकार केला तर तीन माणसे लागतात. भविष्यनिर्वाह निधी आणि विमा धरून माणशी पंचवीस हजार धरा: महिना पंचाहत्तर हजार. तीनशे सदनिकांत वाटले तर घरटी अडीचशे रुपये होतात. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. हा ठराव त्या सभेच्या विषयपत्रिकेवर यायचा असेल तर समितीकडे तो आधी लेखी द्यावा लागतो. पावसाळ्यात हौद बंद असतो, जीवरक्षकाला घरी पाठवलेले असते, पाणी मात्र तसेच भरलेले असते आणि फाटकाला बहुधा सुतळी बांधलेली असते. ती सुतळी काढून कुलूप घालायला ठरावाची वाट पाहायचे कारण नाही.